आन्नोचं नैराश्य 'इव्हँगेलियन'मध्ये नेमकं कुठे दिसतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'निऑन जेनेसिस इव्हँगेलियन' ही मालिका म्हणजे तिचा दिग्दर्शक हिदेआकी आन्नो याचं नैराश्यच, असं जो तो सांगतो. ते मालिकेत नेमकं कुठे दिसतं? आणि आपल्यालाही मनातली उलघाल अशी पडद्यावर आणायची असेल तर काय करायचं?

मी बरीच वर्षं अ‍ॅनिमेशनचे स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटागणिक चित्रांचा आराखडा, करतोय आणि शिकवतोय, तेव्हा उत्तर त्या टेबलावरून देतो. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी इशारा: शेवटासकट सगळं सांगितलेलं आहे.

मालिकेचा नायक शिंजी, राक्षसांशी लढायला 'इव्हा' नावाच्या महाकाय यंत्रात बसवलेला मुलगा. शिंजी रडतो, शिंजी पळून जातो, म्हणून शिंजी म्हणजेच आन्नो, हे उत्तर सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी उपयोगाचं. आपल्याकडे कादंबरी वाचून झाली की नायकाच्या जागी लेखकाला बसवून बघायची खोड जुनी आहे, तीच इथेही चालते. पण दुःखी नायक कुणीही लिहू शकतो. लिहिणारा मजेत असला तरी लिहू शकतो. दिग्दर्शकाचं मन कळतं ते त्याच्या निर्णयांवरून. कुठला शॉट गरजेपेक्षा लांबवला, कुठली लढाई दाखवायचं टाळलं, नायकाला कुठे आधार दिला नाही, चित्रं संपली तेव्हा काय केलं. 'इव्हँगेलियन'मध्ये हे निर्णय उघड्यावर आहेत, म्हणून ती अभ्यासाला चांगली. बाकी बहुतेक मालिकांत ते झाकलेले असतात.

आन्नोचा जन्म १९६० चा, यामागुची प्रांतातल्या उबे नावाच्या औद्योगिक गावातला. ओसाकाच्या कला विद्यापीठात शिकायला गेला आणि तिथून काढून टाकला गेला. पण तिथे भेटलेल्या मित्रांबरोबर त्याने विज्ञानकथांच्या संमेलनांसाठी केलेल्या छोट्या फिल्म अजूनही अ‍ॅनिमेटर लोक फ्रेम-फ्रेम थांबवून बघतात. १९८४ च्या 'नाउसिका' या चित्रपटात नामवंत अॅनिमेशन दिग्दर्शक मियाझाकीने त्याच्याकडे वितळत जाणाऱ्या महाकाय योद्ध्याचा प्रसंग दिला. त्याच वर्षी या मित्रमंडळींची गायनॅक्स ही कंपनी उभी राहिली. म्हणजे हा माणूस मुळात यंत्रं, स्फोट आणि धूर काढण्यात तरबेज. माणसांच्या मनात उतरणारा वगैरे अशी त्याची ख्याती तेव्हा नव्हती.

१९८८ मध्ये त्याने दिग्दर्शित केलेली पहिली मालिका 'गनबस्टर'. सहा भागांची. तिचा मंत्र 'मेहनत आणि जिद्द'. नोरिको ही मुलगी आधी रडते, कच खाते, मग घाम गाळते आणि शेवटी विश्व वाचवते. ही मालिका आधी बघा आणि मग 'इव्हँगेलियन' बघा, असं मी मुलांना नेहमी सांगतो. तोच दिग्दर्शक, तीच महाकाय यंत्रं, तेच कच खाणारं पोर. फक्त मेहनतीचं फळ मिळण्याची जी यंत्रणा 'गनबस्टर'मध्ये होती, ती सात वर्षांनी साफ गायब झालेली आहे. शिंजी प्रयत्न करतो तेव्हाही काही सुटत नाही, करत नाही तेव्हाही नाही. हा फरक कुठून आला?

मधल्या काळातून. १९९० ते ९१ मध्ये त्याने एनएचके वाहिनीसाठी ३९ भागांची 'नादिया' केली. वेळापत्रकाने त्याला पिळून काढलं. मधले बेटावरचे भाग त्याच्या हातून सुटले, ते त्याचा मित्र शिंजी हिगुची याच्याकडे गेले, बरंचसं काम बाहेर दिलं गेलं, आणि ते भाग पडलेले आहेत हे आजही चाहते मान्य करतात. त्यानंतर गायनॅक्सने एका मोठ्या चित्रपटाची तयारी सुरू केली होती, तोही १९९३ मध्ये बंद पडला. आन्नो साधारण चार वर्षं आतून बंद होता.

बेटावरच्या त्या भागांचा उल्लेख मुद्दाम केला. थकवाही तोच आणि दिग्दर्शकही तोच, पण तिथे थकव्यातून निघालं ते नुसतं वाईट काम. दुःख असलं की कला आपोआप होते असं ज्यांना वाटतं त्यांनी ते भाग सलग बसून बघावेत. उतारा म्हणून पुरेसे आहेत.

मग किंग रेकॉर्ड्सचा निर्माता तोशिमिची ओत्सुकी याने आन्नोला सांगितलं की काहीतरी घेऊन ये, प्रसारणाची वेळ मी मिळवतो. मालिका ४ ऑक्टोबर १९९५ ला टीव्ही टोकियोवर सुरू झाली. बुधवार, संध्याकाळी साडेसहा, म्हणजे पोरांची वेळ. जपानात त्याच वर्षी जानेवारीत कोबेचा भूकंप आणि मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायूचा हल्ला झालेला होता, अर्थव्यवस्थेचा फुगा आधीच फुटला होता. एका माणसाच्या खासगी पडझडीला इतके प्रेक्षक का मिळाले याचं निम्मं उत्तर इथे आहे.

प्रसारणाआधी, जुलै १९९५ मध्ये, आन्नोने एक टिपण लिहिलं. योशियुकी सादामोतो हा मालिकेतल्या पात्रांचं रेखाटन करणारा कलाकार. तो याच कथेचा मांगाही, म्हणजे जपानी चित्रकथाही, काढत होता आणि त्याच्या पहिल्या खंडात हे टिपण छापलं गेलं. त्यात आन्नो सांगतो की चार वर्षं काहीही करू न शकलेला, पळत राहिलेला, केवळ मेला नाही म्हणून जिवंत असलेला माणूस म्हणजे मी, आणि मी स्वतःला या कामात घालायचा प्रयत्न केलाय. आणि पुढे असंही सांगतो की या मुलाचं शेवटी काय होणार हे मला माहीत नाही. लोक पहिलं वाक्य सगळीकडे डकवतात. मला दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. तो बरा होऊन, मागे वळून, शहाणपणाने आपली कहाणी सांगत नव्हता. उत्तर माहीत नसताना दर आठवड्याला एक भाग देत होता.

आता टेबलावरचे निर्णय बघू.

दुसरा भाग घ्या. पहिल्या भागाच्या शेवटी चौदा वर्षांचा शिंजी त्या महाकाय इव्हामध्ये बसून राक्षसासमोर उभा आहे. (तो बसायला तयार होतो तेही शौर्यामुळे नव्हे. बाप म्हणतो बसायचं तर बस नाहीतर चालता हो, आणि मग पट्ट्यांत गुंडाळलेली जखमी रेई, इव्हा चालवणारी दुसरी मुलगी, स्ट्रेचरवरून आणली जाते. त्या मुलीचं रक्त हाताला लागतं तेव्हा तो हो म्हणतो.) आठवडाभर प्रेक्षक थांबलेत. दुसऱ्या भागात लढाई सुरू होते, इव्हा मार खाते, आणि कट. शिंजी इस्पितळात पडून अनोळखी छताकडे बघतोय. भागाचं नावही तेच. त्यानंतर नवं घर, त्याला आपल्याकडे ठेवून घेणाऱ्या मिसातो या वरिष्ठ अधिकारी बाईबरोबर जेवण, अंघोळ. लढाईचं पुढे काय झालं ते भाग संपता संपता कळतं, रात्री अंथरुणात पडल्यावर त्याला आठवतं तेव्हा. यंत्रांच्या मारामाऱ्या काढण्यात ज्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्या माणसाने आपला हुकमी एक्का असा मागे ढकलला. विजय त्या क्षणी कुणाच्याच वाट्याला येत नाही, शिंजीच्याही नाही. भानावर येतो तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं आणि मग ते रात्री एकट्याने भोगायचं असतं. नैराश्यावरची लांबलचक भाषणं मला आठवत नाहीत, हा कट मात्र विसरलेलो नाही.

चौथ्या भागात शिंजी पळून जातो. पटकथा अकिओ सात्सुकावाची. अख्ख्या भागात राक्षस नाही. मुलगा ट्रेनमध्ये बसतो, ट्रेन फिरत राहते, डबा भरतो, रिकामा होतो, तो तिथेच. कानात टेपची बोंडं, आणि त्या टेपच्या पडद्यावर २५ आणि २६ हीच दोन गाणी आलटून पालटून. मुलांच्या वेळेतल्या मालिकेत चौथ्याच आठवड्याला असा भाग देणं म्हणजे वाहिनीच्या माणसाचं पोट ढवळून निघालं असणार. शेवटी फलाटावर मिसातो आणि शिंजी समोरासमोर येतात. बराच वेळ कुणीच हलत नाही, मागे फक्त स्टेशनचे आवाज. मग तो 'आलो' म्हणतो, ती 'ये' म्हणते. त्या थांबण्यात दोघांपैकी कुणीही कधीही पाठ फिरवू शकेल अशी भीती आहे, आणि शॉट अर्ध्यावर तोडला असता तर ती गेली असती.

या थांबलेल्या शॉटांवर जरा रेंगाळतो, कारण त्यावर गैरसमज फार आहेत. टीव्हीच्या अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला २४ फ्रेम, पण नवं चित्र सहसा दर तिसऱ्या फ्रेमला, म्हणजे सेकंदाला आठ. एक मिनिट सतत हालचाल ठेवायची तर एका पात्राचीच चारशे ऐंशी चित्रं झाली. तेच पात्र स्थिर ठेवलं तर एक. उत्तरार्धात 'इव्हँगेलियन'चं वेळापत्रक कोसळलं होतं हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे बाविसाव्या भागात आसुका (इव्हा चालवणारी आणखी एक मुलगी) आणि रेई लिफ्टमध्ये जवळजवळ मिनिटभर एकही हालचाल न करता उभ्या असतात, चोविसाव्या भागात इव्हाच्या मुठीत कावोरू (शिंजीचा मित्र, जो शेवटी शत्रू निघतो) असतो आणि बीथोव्हनची नववी सिंफनी वाजत असताना चित्र साधारण तेवढाच वेळ गोठलेलं असतं, याला काही लोक 'पैसे संपले' म्हणून हसतात. दुसरे काही जण 'केवढं प्रतिभावान' म्हणून माना डोलावतात.

मला विचाराल तर दोघेही अर्धेच बरोबर आहेत. चित्रं वाचवायची होती, यात शंका नाही. पण वाचवायची कुठे, हे दिग्दर्शक ठरवतो. स्वस्त शॉट सगळेच लपवतात: पाठमोरं पात्र, आकाशावरून सरकणारा कॅमेरा, खिडकीबाहेरची झाडं. आमच्याकडेही हेच चालतं, मीही केलंय. आन्नोने स्वस्त शॉट नेमका तिथे ठेवला जिथे प्रेक्षकाला सगळ्यात जास्त हालचाल हवी असते. एकमेकींना सहन न होणाऱ्या दोन मुली एका बंद डब्यात. कुणीतरी बोला, कुणीतरी हला, असं बघणाऱ्याला वाटतं आणि काहीच होत नाही. मित्राला मारायचं की नाही हे ठरवणारा मुलगा. त्याचा चेहरासुद्धा आपल्याला दाखवलेला नाही. हात उचलायचाय आणि उचलवत नाही, ही अवस्था ज्याने आतून भोगलीय त्यालाच हे सुचेल असं म्हणायचा मोह होतो. तेवढं मी म्हणणार नाही. पण टंचाई आणि मनःस्थिती इथे एकाच शॉटवर येऊन बसल्यात एवढं नक्की. 'नादिया'त त्या दोन वेगवेगळ्या दिशांना गेल्या होत्या.

दुसरी जागा म्हणजे त्या जगाचे नियम. इव्हाला पाठीत एक जाड केबल लागते, ती तुटली तर आतली वीज पाच मिनिटं पुरते. आत द्रव भरलेला आहे, मुलगा त्यात श्वास घेतो. पुढे कळतं की त्या यंत्रात त्याची आईच विरघळलेली आहे. आणि शत्रूभोवती जे अभेद्य कवच असतं ते मुळात प्रत्येक माणसाच्या मनाभोवतीची भिंत आहे, असं कावोरू चोविसाव्या भागात सांगतो. अशा नियमांचं सोयीचं काय, की पात्राला 'मला एकटं वाटतं' म्हणावं लागत नाही. लढाईच त्या भाषेत होते. तिसऱ्या-चौथ्या भागात साळिंदरांचा जो दाखला येतो, जवळ आलं की काटे टोचतात आणि लांब गेलं की थंडी वाजते, तो शोपेनहाउअरचा. पात्रांच्या तोंडी तो ऐकून सोडून द्यायला हरकत नाही. तोच विचार कवचाच्या रूपात येतो तेव्हा तो नाट्याला कामाला लागतो.

आणि आन्नो एकट्या शिंजीत नाही. मिसातो बापावर रागावलेली आहे आणि तशाच पुरुषाकडे ओढली जाते. आसुकाला सतत पहिलं यायचंय, कारण थांबली तर आतलं बघावं लागेल. शास्त्रज्ञ रित्सुको आईच्या सावलीतून बाहेर पडत नाही. बाप गेंदो मुलाला जवळ घ्यायला घाबरतो. एकाच माणसाचे हे तुकडे एकमेकांशी भांडतात, म्हणून मालिका रडगाणं होत नाही. एकाच पात्रावर सगळं लादलं असतं तर तीन भागांत कंटाळा आला असता.

गेंदोवरून आन्नोच्या वडिलांची गोष्ट आठवते. अपघातात त्यांनी एक पाय गमावला होता, कृत्रिम पाय लावत. २०२१ मध्ये एनएचकेच्या एका माहितीपटात आन्नोने सांगितलं की तुटलेल्या, अपुऱ्या गोष्टींचं आपलं आकर्षण तिथून आलं असावं. हे ऐकल्यावर मालिकेतले उखडलेले हात, गळून पडलेले कवचाचे तुकडे, पट्ट्यांमधली रेई वेगळी दिसते. पण काळजी घ्या. हे त्याने पंचवीस वर्षांनी, साठीच्या तोंडावर सांगितलेलं आहे. काढताना त्याच्या मनात ते होतं असा त्याचा अर्थ होत नाही. हात आपोआप काही आकारांकडे जातो, कारण नंतर सापडतं. टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं.

शेवटचे दोन भाग, २५ आणि २६, मार्च १९९६ मध्ये दाखवले गेले. जगाचं काय झालं हे बाजूला ठेवून कथा सरळ शिंजीच्या डोक्यात शिरते. खुर्च्या, प्रश्न, कच्ची रेखाटनं, फोटो, पटकथेची पानं. त्यातला एक तुकडा अ‍ॅनिमेटरने बघायलाच हवा. शिंजी पूर्ण पांढऱ्या कागदावर तरंगतोय. सगळं मोकळं, म्हणून काहीच करता येत नाही. मग एक आडवी रेघ येते: ही जमीन. आता एक स्वातंत्र्य कमी झालं, पण उभं राहता येतं. कोऱ्या कागदासमोर चार वर्षं बसलेल्या माणसाने हे काढलंय. शेवटी सगळे गोल उभे राहून टाळ्या वाजवतात, अभिनंदन करतात, मालिका संपते.

प्रेक्षक खवळले. पत्रं आली, धमक्या आल्या. जीव नकोसा झाल्याचे दिवस त्याच काळात आले होते, हे आन्नोने पुढे त्या माहितीपटात सांगितलं. १९९७ च्या जुलैत 'द एंड ऑफ इव्हँगेलियन' हा चित्रपट आला तेव्हा त्याने चाहत्यांच्या रागाची ती पत्रं पडद्यावर झरझर दाखवली, थिएटरमध्ये बसलेल्या प्रेक्षकांचंही चित्रण घातलं. आतली जखम मालिकेत उतरली होती, आता मालिकेला मिळालेली जखम चित्रपटात उतरली. हा चित्रपट मला फार थोर वाटतो आणि तो मी पुन्हा बघत नाही. त्यात शिंजीला एकाच सुखात विरघळून जाण्याची संधी मिळते आणि तो ती नाकारतो, दुसरी माणसं टोचली तरी हवीत असं ठरवतो. ठरवल्यानंतर जे होतं ते मात्र सुखाचं नाही. त्या वेळी आन्नोला एवढंच प्रामाणिकपणे सांगता आलं असावं.

आता एक आडवा मुद्दा, आणि तो चाहत्यांना आवडत नाही. मालिका एकट्या आन्नोची नाही. काझुया त्सुरुमाकी सहदिग्दर्शक होता, शिरो सागिसुचं संगीत आहे, मेगुमी ओगाताने शिंजीला जो आवाज दिला त्याशिवाय तो मुलगा उभाच राहत नाही. याचा पुरावा हवा असेल तर सादामोतोचा मांगा वाचा. प्रसंग तेच, लढाया त्याच, पण त्याचा शिंजी जास्त तिरकस आहे, उलट बोलतो, चिडतो. कथेचा सांगाडा तोच राहिला तरी दुसऱ्या माणसाच्या हाताखाली स्वभाव बदलला. म्हणून म्हणतो, मन सांगाड्यात शोधू नका.

२००६ मध्ये आन्नोने स्टुडिओ खारा काढला आणि २००७, २००९, २०१२ अशा वर्षांत 'इव्हँगेलियन'चे नवे चित्रपट आणले. तिसरा चित्रपट झाल्यावर तो पुन्हा मोडला. २०१५ मध्ये त्याने हे जाहीरपणे लिहिलं की २०१२ च्या डिसेंबरात आपण कोसळलो होतो, पुढचं वर्ष स्टुडिओकडे फिरकणंही जमत नव्हतं. मालिकेने तो 'बरा' झाला असता, तर हे झालं नसतं. कला म्हणजे उपचार हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. त्याला त्या काळात हात दिला तो माणसांनी. पत्नी मोयोको आन्नो, जी स्वतः मांगाकार आहे. मियाझाकी, ज्याने त्याला 'द विंड रायझेस'मध्ये नायकाचा आवाज द्यायला बोलावलं. मग त्याने २०१६ चा 'शिन गोडझिला' केला, आणि त्यानंतर कुठे शेवटचा 'इव्हँगेलियन' हातात घेतला.

तो मार्च २०२१ मध्ये आला. सुरुवातीच्या मोठ्या भागात शिंजी बोलत नाही, खात नाही, एका कोपऱ्यात पडून असतो. आजूबाजूला एक गाव आहे: वाचलेली माणसं भात लावतायत, बाळं सांभाळतायत, सार्वजनिक न्हाणीघरात जातायत. कुणी त्याच्या मागे लागत नाही. एकजण चिडतो, बाकीचे ताट ठेवून निघून जातात. शेवटी तो रडत विचारतो की सगळे माझ्याशी इतकं चांगलं का वागतात. १९९५ च्या शिंजीला हा प्रश्न सुचलाच नसता. गावातल्या वाचनाच्या पुस्तकांमध्ये मोयोकोची पात्रं दिसतात. पुढे गेंदो पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलतो, तेही ट्रेनच्या डब्यात, आणि कळतं की तो म्हणजे मोठा झालेला शिंजीच. मुलाच्या कानातला टेपही मूळचा त्याचाच. आणि सगळ्यात शेवटी पात्रं पळत बाहेर येतात ती उबे-शिनकावा स्टेशनातून, आणि कॅमेरा वर जातो तेव्हा खाली दिसतं ते खरंखुरं चित्रित केलेलं आन्नोचं गाव.

पण माझ्या दृष्टीने खरी बातमी चित्रपट कसा केला यात आहे. या वेळी आन्नोने स्टोरीबोर्डपासून सुरुवातच केली नाही. गावाची छोटी प्रतिकृती बांधली, माणसांकडून प्रसंग करवून घेतले, सहकाऱ्यांना कॅमेरा घेऊन कोन शोधायला लावले. कच्चं काम माणसांना दाखवलं, प्रतिसाद थंड आला तर पुन्हा लिहिलं. फक्त आपल्या डोक्यातलं उतरवलं तर ते पुरेसं होत नाही, अशी त्याची भूमिका होती. ज्याची ओळखच 'स्वतःला पडद्यावर ओतणारा' अशी झाली, तो माणूस शेवटी स्वतःच्या बाहेरचे कोन मागत फिरत होता.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. नैराश्यातच चांगलं काम होतं असं समजून औषधं टाळणारी, झोप मोडणारी मुलं मी पाहिली आहेत. हिशेब सरळ आहे: ज्या चार वर्षांत आन्नो सगळ्यात खोल होता, त्या चार वर्षांत त्याने दिग्दर्शित केलेली एकही मालिका नाही. काम झालं ते थोडं उठता आल्यावर, आणि ते करताना तो पुन्हा ओढला गेला. महाकाय यंत्रांच्याच 'गुंडम' मालिकांचा जनक योशियुकी तोमिनो याचंही असंच. 'व्हिक्टरी गुंडम'च्या सुमारास तो नैराश्यात होता, ती मालिका काळोखी आहे. पण सावरल्यावर, १९९९ मध्ये केलेली 'टर्न ए गुंडम' मला त्याहून कितीतरी मोठी वाटते. तेव्हा आधी डॉक्टर, मग स्टोरीबोर्ड. सरकारी टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं.

कामाचं सांगायचं तर, 'माझं पात्र उदास आहे' इथून सुरुवात करू नका. तुमच्या त्रासाचा नेमका आकार काय आहे ते शोधा. काहींना हात उचलवत नाही, काहींना थांबवत नाही, काहींना सगळं काचेपलीकडे चाललंय असं वाटतं. हे तीन वेगवेगळे चित्रपट आहेत आणि तिघांचं एडिटिंग वेगळं होईल. मग त्या आकाराचा एक नियम तुमच्या जगाला द्या, केबल आणि पाच मिनिटांसारखा, की जो पात्राने बोलून न दाखवताही त्याला अडवेल. त्रास एकापेक्षा जास्त पात्रांत वाटा, आणि त्यातलं किमान एक पात्र असं ठेवा की ज्याचा तुम्हाला राग येतो. तुमच्या वडिलांसारखं, बॉससारखं, कुणाहीसारखं. त्यालाही एक खरं वाक्य द्या. आन्नोला गेंदोला ते द्यायला २०२१ उजाडलं.

आणि कच्चा बोर्ड झाला की तो तुमची कहाणी माहीत नसलेल्या माणसाला दाखवा. काही समजावून सांगू नका. शॉट कुठे लांबला असं वाटलं, कुठे कंटाळा आला, तेवढंच विचारा. जिथे लांबलं असं तो म्हणेल तिथे लगेच कात्री लावू नका. लांबल्यामुळे त्याला अस्वस्थ वाटलं की मोबाइल उचलावासा वाटला, हे आधी विचारून घ्या. अस्वस्थ वाटलं असेल तर ठेवा. मोबाइल उचलला असेल तर कापा.